थंडी, बॅटरी आणि अर्धी बातमी

नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा चालू होता. किलोवॉट म्हणजे काय आणि किलोवॉट-तास म्हणजे काय, हे घरचं वीजबिल हातात घेऊन पाहून झालं होतं. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, विजेच्या गाड्या थंडीत मरतात. मी बातमी पाहिलीय." वडिलांच्या मोबाइलवर त्यानं शिकागोची एक जुनी चित्रफीत पाहिली होती. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग नॉर्वेत थंडी पडत नाही का? तिथं तर सगळे विजेच्याच गाड्या घेतात ना?"

दोघांचंही म्हणणं कुठल्या ना कुठल्या छापील मजकुरावर आधारलेलं होतं. दोन्ही मजकूर बऱ्याच अंशी खरे होते. तरी ते शेजारी ठेवले की एकमेकांना खोटं पाडत होते. अशा वेळी बहुधा दोन्हीकडे काहीतरी गाळलेलं असतं. ते काय, हे शोधायला मी बसलो. ती बातमी, तिला दिलं जाणारं नॉर्वेचं उत्तर, आणि नव्या गाडीमालकांना हिवाळ्यासाठी दिल्या जाणाऱ्या सूचनांची यादी, हे तीन मजकूर मी तपासले. आपल्यापैकी फारच थोड्यांना उणे वीस अंशांत गाडी चालवावी लागणार आहे. पण विज्ञानाची बातमी कशी वाचावी, हे शिकवण्याचं काम आपलंच आहे. त्यासाठी हे उदाहरण चांगलं आहे.

बातमी काय होती

जानेवारी २०२४ च्या मध्याला अमेरिकेच्या मध्य भागावर थंडीची मोठी लाट आली. शिकागो परिसरात तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं. सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर टेस्ला गाड्यांच्या रांगा लागल्या. लोक तासन्‌तास ताटकळले. काही गाड्या रांगेतच बंद पडल्या, त्यांना टोचन करून न्यावं लागलं. ही दृश्यं जगभर दाखवली गेली.

घटना खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या वाक्यात ती बसवली गेली त्याबद्दल: 'थंडीमुळे बॅटऱ्या मेल्या.' या वाक्यात एक कारण आहे, एक परिणाम आहे, आणि मधली सगळी पायरी गायब आहे.

आधी एक छोटी चूक पाहू. अशा बातम्यांत बऱ्याचदा 'जाणवणारं तापमान', म्हणजे वाऱ्याचा हिशेब धरून काढलेला आकडा दिलेला असतो. तो उणे तीसच्याही खाली जातो आणि मथळ्यात शोभून दिसतो. पण हा आकडा माणसाच्या उघड्या कातडीसाठी आहे. वारा असला की गरम वस्तू लवकर निवते, हे खरं. गरम चहावर फुंकर घालतो तेव्हा आपण हेच करतो. पण कितीही फुंकर घातली तरी चहा खोलीच्या हवेपेक्षा फारसा थंड करता येत नाही. (तेवढाही होतो तो बाष्पीभवनामुळे, आणि कोरड्या लोखंडाच्या बाबतीत ते कारणही उरत नाही.) हवा उणे २० असेल तर गाडी उणे २० पर्यंत जाईल, उणे ३५ पर्यंत नाही. हे सातवी-आठवीच्या मुलालाही पटतं. बातमी लिहिणाऱ्यांनी मात्र गाडीच्या संदर्भात तो आकडा बिनदिक्कत वापरला.

तीन वेगळ्या गोष्टी

आता मुख्य चूक. थंडीचा बॅटरीवर परिणाम होतो, असं म्हणताना तीन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, बॅटरीतून वीज बाहेर काढणं. दुसरी, बॅटरीत वीज भरणं. तिसरी, गाडी आणि माणसं गरम ठेवण्याचा खर्च.

पहिली गोष्ट. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे द्रवातून प्रवास करतात. थंडीत तो द्रव दाट होतो, आयनांची हालचाल आणि इलेक्ट्रोडवरच्या क्रिया मंदावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. साठा नाहीसा झालेला नसतो. तो बाहेर काढताना जास्त भाग आतल्या आत उष्णतेत जातो, आणि काही भाग बॅटरी ऊबदार होईपर्यंत हाती लागत नाही. हिवाळ्यात तूप थिजतं तेव्हा बरणीतलं तूप कमी झालेलं नसतं, ओतता येत नाही इतकंच. तसंच हे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. वीज भरताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. थंडीत हे शिरणं मंद होतं. तेव्हा जोरात वीज भरली तर आयनांना आत जायला वेळ मिळत नाही, आणि ते ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचू लागतात. या साचलेल्या लिथियमचा बराचसा भाग पुन्हा कामाला येत नाही. बॅटरीची क्षमता कायमची घटते, आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही निर्माण होतो. म्हणून गाडीतली नियंत्रण यंत्रणा थंड बॅटरीत हळूहळूच वीज घेऊ देते, शून्याच्या बरंच खाली तर जवळजवळ घेऊच देत नाही. म्हणजे चार्जिंग केंद्रावर 'वीज जात नाही' असं दिसतं तेव्हा पुष्कळदा गाडी स्वतःला वाचवत असते. बातमीत यालाच मरण म्हटलं आहे!

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता होऊन जाते. थंडीत तीच उष्णता आत वळवली की माणसं फुकटात ऊबदार. विजेची मोटर ऊर्जेतला ९० टक्क्यांच्या आसपास भाग कामाला लावते. उधळपट्टी नाही, त्यामुळे फुकटची ऊबही नाही. ती बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१९ मध्ये पाच विजेच्या गाड्यांवर केलेल्या चाचण्या इथं उपयोगी पडतात. सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांच्या सुमाराला, हीटर बंद ठेवून, गाड्यांचा पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. त्याच तापमानाला हीटर चालू केल्यावर तो ४१ टक्क्यांनी घटला. गाड्या पाचच होत्या आणि त्या वेळच्या होत्या, त्यामुळे ४१ हा आकडा आजच्या प्रत्येक गाडीला चिकटवणं चूक ठरेल. पण या चाचणीची रचना मला फार आवडते. एक गोष्ट बदलली, बाकीच्या तशाच ठेवल्या. घट बॅटरीमुळे किती आणि हीटरमुळे किती, हे वेगळं करून दाखवलं. आपण प्रयोगवहीत मुलांना हेच तर सांगत असतो.

तासाचा खर्च आणि किलोमीटरचा खर्च

आता थोडं गणित करू. सोयीसाठी किलोवॉट-तासाला आपला बिलावरचा शब्द वापरू: युनिट.

समजा, एका गाडीची बॅटरी ६० युनिटची आहे आणि चांगल्या हवेत तिला १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात. म्हणजे पल्ला ४०० किलोमीटर. थंडीत हीटरला ३ किलोवॉट लागतात असं धरू, म्हणजे तासाला ३ युनिट. बॅटरीवर थंडीचा परिणाम अजिबात होत नाही, असंही मुद्दाम धरू.

महामार्गावर गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली, तर तासाभरात चालण्याचे ९ आणि हीटरचे ३ असे १२ युनिट गेले. ६० युनिट पाच तासांत संपतील. पल्ला ३०० किलोमीटर.

तीच गाडी शहरात बर्फातून, सिग्नलला थांबत ताशी सरासरी २० किलोमीटरनं चालली, तर तासाभरात चालण्याचे ३ आणि हीटरचे ३ असे ६ युनिट गेले. बॅटरी दहा तास पुरेल, पण पल्ला फक्त २०० किलोमीटर.

थंडी तीच, गाडी तीच, बॅटरी तीच. तरी एकाचा पल्ला पावपट घटला आणि दुसऱ्याचा निम्मा झाला. कारण चालण्याचा खर्च किलोमीटरवर अवलंबून आहे आणि उबेचा खर्च तासावर. मजुरी उक्ती की रोजावर, यासारखाच हा फरक आहे. आणि गाडी उभी असेल तर? चालण्याचा खर्च शून्य, उबेचा चालूच. 'थंडीत पल्ला इतके टक्के घटतो' असं कुणीही एकच आकडा सांगितला, की पहिला प्रश्न विचारायचा: किती वेगानं चालवल्यावर?

थंडीचे आणखीही काही हिशेब असतात. हवा थंड झाली की दाट होते. २० अंशांच्या मानानं उणे २० अंशांना, २९३ भागिले २५३, म्हणजे सुमारे १६ टक्के दाट. भरधाव गाडीला तेवढा जास्त विरोध होतो. हा विरोध पेट्रोलच्या गाडीलाही होतो. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेजसुद्धा २५ अंशांच्या मानानं उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, छोट्या फेऱ्यांत तर २४ टक्क्यांपर्यंत. पण त्याची बातमी होत नाही. टाकी मोठी असते आणि भरायला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे ती घट कुणाला जाणवत नाही.

रांग कशामुळे लागली?

आता शिकागोच्या रांगेकडे येऊ. तिथले नेमके आकडे घेण्याऐवजी तत्त्व कळण्यासाठी एक काल्पनिक केंद्र घेऊ.

केंद्रावर दहा प्लग आहेत. एरवी गाडीला अर्धा तास लागतो. म्हणजे केंद्र तासाला २० गाड्या मोकळ्या करतं. तासाला १४ गाड्या येतात. रांग नाही, सगळं आलबेल. थंडीची लाट आली. गार बॅटरी हळू वीज घेते, त्यामुळे प्रत्येक गाडीला एक तास लागू लागला. आता केंद्र तासाला १० गाड्याच मोकळ्या करतं. शिवाय प्रत्येक गाडी जास्त वीज खाते, म्हणून ती जास्त वेळा चार्जिंगला येते. १४ च्या जागी सुमारे २० गाड्या येऊ लागल्या. दर तासाला रांग दहा गाड्यांनी वाढणार. तीन तासांनी रांगेत तीस गाड्या, आणि शेवटच्या गाडीला आणखी तीन तास थांबणं आलं.

ही शेवटची गाडी दहा टक्के बॅटरी घेऊन आली असेल, तर तिच्याकडे ६ युनिट आहेत. उणे वीस अंशांत माणूस हीटर बंद करून बसू शकत नाही. तासाला ३ युनिट धरले, तर दोन तासांत बॅटरी संपली. रांगेत अजून तासभर बाकी आहे. टोचन बोलवा!

'मेलेली' गाडी ती ही. तिला संपवण्यात थंडीचा वाटा आहेच, पण रांगेचाही आहे. रांग का लागली, तर येण्याचा दर जाण्याच्या दरापेक्षा जास्त झाला म्हणून. काही प्लग नादुरुस्त असतील तर हे आणखी लवकर घडेल. नळाखालची बादली आणि तिच्या बुडाचं भोक, या पाचवीतल्या गणिताचाच हा प्रकार आहे. बातमीत रांगेचं दृश्य होतं, पण रांग लागण्याचा विचार नव्हता.

घरी प्लग कुणाकडे आहे?

माझी भाची शिकागोच्या एका उपनगरात राहते. त्या आठवड्यात काळजीनं फोन केला, तर ती म्हणाली, "मामा, आम्हाला काहीच झालं नाही. गाडी गॅरेजमध्ये रात्रभर प्लगला असते. सकाळी निघायच्या आधी ती भिंतीतल्या विजेवर गरम होते आणि शंभर टक्क्यांच्या जवळपास भरून बाहेर पडते." तिच्याच कचेरीतली एक मुलगी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, गाडी रस्त्यावर लावते. ती त्याच आठवड्यात एका संध्याकाळी चार तास रांगेत होती.

शहर एक, थंडी एक, गाडीही जवळपास एकच. फरक आहे तो घरच्या प्लगचा. बातमीनं गाळलेला मुख्य मुद्दा माझ्या मते हा आहे. घरी प्लग असलेल्याची बॅटरी रात्रभर भिंतीतल्या विजेवर सावकाश भरते. सावकाश भरणं थंडीत मानवतं, आणि गरम होण्याचा खर्चही बॅटरीवर पडत नाही. घरी प्लग नसलेला माणूस दिवसभर थंड झालेली, उतरलेली बॅटरी घेऊन सगळ्यांबरोबर संध्याकाळी एकाच केंद्रावर जातो. म्हणजे प्रश्न अर्धा रसायनशास्त्राचा आहे आणि अर्धा घरबांधणीचा.

इथं प्लगा-प्लगांतही फरक आहे, तोही मुलांकडून काढून घेता येतो. अमेरिकेतला साधा घरगुती प्लग १२० व्होल्टचा. त्यातून सलग १२ अँपिअर घेता येतात. गुणाकार करा: १४४० वॉट, म्हणजे तासाला दीड युनिटहूनही कमी. रात्रीच्या बारा तासांत सतरा युनिट. कडाक्याच्या थंडीत त्यातलाही मोठा वाटा बॅटरी गरम ठेवण्यातच जातो, आणि सकाळी माणूस म्हणतो, 'रात्रभर लावली तरी भरली नाही.' म्हणून तिथले लोक गाडीसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन घेतात. ३२ अँपिअरनं तासाला साडेसात युनिटहून जास्त मिळतात. आपल्याकडचा २३० व्होल्टचा १५ अँपिअरचा पॉइंट, ज्यावर गीझर चालतो, तो सव्वातीन-साडेतीन किलोवॉटचा. अमेरिकेच्या साध्या प्लगच्या दुपटीहून जास्त!

नॉर्वेचं उत्तर

आता दुसरा मजकूर. शिकागोची बातमी आली की विजेच्या गाड्यांचे चाहते लगेच नॉर्वेचं नाव घेतात. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथं नोंदलेल्या विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त झाली. थंडीत गाड्या चालतच नसत्या तर हे झालं नसतं. एवढा युक्तिवाद बिनतोड आहे.

पण तो तिथंच थांबतो, ही माझी तक्रार. 'नॉर्वेत चालतात' हे 'शिकागोत मेल्या' याचं उत्तर होत नाही, कारण नॉर्वेत का चालतात हे सांगितलेलंच नाही. तिथं स्वतःच्या जागी गाडी लावून रात्री चार्ज करणारे पुष्कळ आहेत. सामूहिक गृहसंस्थेत राहणाऱ्याला चार्जिंगची सोय मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. रस्त्यांवर वेगवान केंद्रांचं जाळं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांनी ही गाडी वापरायची सवय काही वर्षांत हळूहळू केली आहे.

शिवाय नॉर्वेचे लोक थंडीत घट होते हे नाकारत नाहीत, ते ती मोजतात. तिथली मोटारमालकांची संघटना दर हिवाळ्यात बऱ्याच गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, बॅटरी संपेपर्यंत चालवते आणि निकाल जाहीर करते. काही गाड्या कंपनीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहूनही कमी घट दाखवतात, काही तीस टक्क्यांच्या आसपास. अशी चाचणी कौतुक करणाऱ्यालाही गप्प करते आणि टीका करणाऱ्यालाही. चाहत्यांनी नॉर्वेच्या विक्रीपेक्षा नॉर्वेची ही चाचणी सांगितली असती, तर वाचक जास्त शहाणा झाला असता.

कंपनीच्या आकड्याबद्दलही एक वाक्य. युरोपातली डब्ल्यूएलटीपी ही प्रमाण चाचणी २३ अंश सेल्सिअसला, रोलरवर, हीटर आणि एसी बंद ठेवून होते. यात लबाडी नाही. गाड्यांची आपसात तुलना करायची तर परिस्थिती सारखी ठेवावीच लागते. लबाडी सुरू होते ती जाहिरातीत आकडा मोठ्या अक्षरांत येतो आणि परिस्थिती गळून पडते तेव्हा. पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश असं मुलानं लिहिलं तर आपण विचारतो, कोणत्या दाबाला? तोच प्रश्न इथं.

कारण न सांगणारी यादी

तिसरा मजकूर म्हणजे नव्या मालकांसाठीच्या सूचना. घरी पोचताच प्लग लावा. निघण्यापूर्वी गाडी प्लगला असतानाच गरम करा. प्रवासात चार्जिंग केंद्राचा पत्ता गाडीच्या नकाशात घाला. बॅटरी फार उतरू देऊ नका. हवा गरम करण्यापेक्षा सीट गरम करा. सगळ्या सूचना बरोबर आहेत. पण बहुतेक ठिकाणी त्या मंत्रासारख्या दिलेल्या असतात, कारण सांगितलेलं नसतं. कारण कळलं नाही की माणूस नेमकी महत्त्वाची सूचना विसरतो.

कारणं वर येऊन गेली आहेत, जुळवून पाहू. घरी पोचताच प्लग का? कारण चालून आलेली बॅटरी अजून ऊबदार असते, ती निवण्याआधी वीज घेणं सोपं. निघण्यापूर्वी प्लगवर गरम का? कारण उबेचा पहिला मोठा खर्च भिंतीतल्या विजेतून होतो, साठ्यातून नाही. नकाशात पत्ता का? ही सूचना नवख्याला चमत्कारिक वाटते, 'मला रस्ता माहीत आहे' म्हणून तो ती सोडून देतो. पण पुष्कळ गाड्या तो पत्ता पाहूनच पोचण्याआधी बॅटरी गरम करायला लागतात. पत्ता घातला नाही, तर केंद्रावर गार बॅटरी पोचते आणि प्लग दुप्पट वेळ अडवून बसते. आपलीही खोटी, मागच्यांचीही. बॅटरी फार उतरू का द्यायची नाही? कारण फार उतरली तर काही गाड्या ती गरम करायला नकार देतात, आणि रांगेसाठी शिल्लकही उरत नाही. सीट का? कारण माणसाला थेट ऊब द्यायला काही दहा वॉट पुरतात, सगळ्या हवेला काही हजार लागतात. शेगडीजवळ बसणं आणि सगळं घर तापवणं यांतला हा फरक.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा उष्णता पंप असतो. तो म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज. बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता उपसून आत आणतो, आणि एका युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब देऊ शकतो. मात्र थंडी जितकी कडक, तितका त्याचा फायदा कमी. नेमक्या गरजेच्या दिवशी त्याची शक्ती घटते, हेही जाहिरातीत नसतं.

वर्गात काय करता येईल?

टॉर्चचे दोन अल्कलाइन सेल, एक छोटा बल्ब आणि मल्टिमीटर घ्या. बल्ब न लावता सेलचं व्होल्टेज मोजा, मग बल्ब लावून मोजा. आता सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पॉटच्या आइस्क्रीमसाठी करतो तशा बर्फ-मिठाच्या मिश्रणात तासभर ठेवा. पुन्हा दोन्ही मोजमापं घ्या. बल्ब नसताना व्होल्टेज फारसं बदललेलं दिसणार नाही. बल्ब लावल्यावर मात्र ते आधीपेक्षा जास्त घसरेल. सेल पुसून उन्हात ठेवा आणि तासाभरानं पुन्हा मोजा. 'मेलेला' सेल जिवंत झालेला मुलं स्वतः पाहतील. मोबाइलची किंवा कुठलीही लिथियम बॅटरी या प्रयोगाला वापरू नका, आणि गार केलेली बॅटरी चार्ज करायचा प्रयत्न तर मुळीच नको. तो का नको, हे वर आलंच आहे.

त्यानंतर मुलांना बातमी पुन्हा लिहायला सांगा. माझ्या वर्गानं लिहिलेली अशी झाली: 'कडाक्याच्या थंडीत विजेच्या गाड्यांना उबेसाठी जास्त वीज लागली आणि गार बॅटऱ्यांनी ती हळू घेतली. त्यामुळे सार्वजनिक केंद्रांवर रांगा वाढल्या. ज्यांना घरी चार्जिंगची सोय नव्हती त्यांचे हाल झाले. रांगेत हीटर चालू ठेवावा लागल्यानं काही गाड्यांची बॅटरी संपली.' चार वाक्यं. मथळा तितका चटकदार नाही, पण यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं, आणि काय सुधारायला हवं हेही त्यातून कळतं.

आपल्याकडे हिवाळा असा नाही, उन्हाळा मात्र आहे. त्याच २०१९ च्या चाचणीत ३५ अंशांना एसी चालू ठेवल्यावर पल्ला १७ टक्क्यांनी घटला होता. विदर्भात पारा ४५ वर जातो. एसीचा खर्चही तासाचा आहे, आणि आपल्या शहरांतला सरासरी वेग आपल्याला माहीतच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या मीटरवरून पॉइंट मिळेल का, यावर आज पुण्या-मुंबईत बैठका गाजतात. ज्यांना पार्किंगच नाही त्यांचा विषय त्या बैठकांत येतही नाही. उद्या एखाद्या मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, आपल्या महामार्गावरच्या केंद्रावर रांग लागेल आणि बातमी येईल, 'उन्हानं बॅटऱ्या मेल्या.' तेव्हा किलोमीटरचा खर्च किती, तासाचा किती, आणि घरी प्लग कुणाकडे नव्हता, हे तीन प्रश्न विचारणारी मुलं वर्गातून बाहेर पडलेली असावीत.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी उत्तर दिलं, "नॉर्वेत थंडी पडते." तो म्हणाला, "मग त्यांच्याकडे प्लग जास्त असतील." एवढ्या लेखाचं सार त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.